चेहऱ्यावरचे खड्डे भरायचेत? पैसे भरण्याआधी हे वाचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

मागच्या दिवाळीत खानापूरहून मामेबहीण आली. चहा पुढ्यात यायच्या आधीच तिनं मोबाईल काढला. "अक्का, हे बघ की. तीन सिटिंगचं पॅकेज हाय, आजच्या आज पैसे भरले तर कमी करत्यात म्हणे. भरू काय?" त्या तीन सिटिंगमध्ये नेमकं काय करणार, कोण करणार, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या गालांवर मात्र चार-पाच ताज्या, पू धरलेल्या पुटकुळ्या होत्या. मी म्हटलं, "आज एक रुपयाही भरू नकोस," आणि तिला आरशापुढे नेलं.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः या वाटेनं उलटी चालून आले आहे. अकरावीत मुरमं सुरू झाली, पंचविशीला दोन्ही गाल खड्ड्यांनी भरले. पहिल्या ठिकाणी गेले तिथं मे महिन्यात, मुरमं चालू असतानाच लेसर केलं. उन्हापासून जपायचं, हे कुणी नीट सांगितलं नाही. पुढचे पाच महिने गालांवर जाळीसारखे काळपट ठसे घेऊन फिरले. खड्डे होते तिथंच होते. यंत्र वाईट नव्हतं, क्रम चुकला होता. म्हणून हा लेख क्रमानंच लिहिते.

पहिलं काम: नवे खड्डे पडायचे थांबवा

मुरूम सुजतं, आत पू होतो, तेव्हा त्वचेखालचं कोलेजन नावाचं प्रथिन मोडतं. कोलेजन म्हणजे त्वचेला आतून ताठ धरणारा सांगाडा. तो भरून निघताना कमी भरला की खड्डा पडतो, जास्त भरला की उंचवटा येतो. मुरमं चालूच असतील तर एकीकडे खड्डे बुजवायचे आणि दुसरीकडे नवे पाडायचे, असा खेळ होतो. त्यामुळे कुठलाही चांगला त्वचारोगतज्ज्ञ आधी मुरमं आटोक्यात आणतो. त्यात काही महिने जातात. ते फुकट गेले असं समजू नका.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या दिल्या तर दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना दिवस जाता कामा नयेत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्न ठरलं असेल किंवा नुकतं झालं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना आधीच सांगा. दुसरं म्हणजे, पुढे खड्ड्यांसाठी बारीक सुया टोचायची (मायक्रोनीडलिंग) किंवा लेसर करायची वेळ येईल तेव्हा या गोळ्या कधीपासून चालू आहेत किंवा कधी बंद केल्या, ते न विसरता सांगा.

आणि ती ट्यूब. गावात मेडिकलवाल्याकडून "गोरं व्हायची क्रीम" म्हणून आणतात ना, तीच. अशा कित्येक ट्यूबांमध्ये क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं स्टिरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा तुळतुळीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसायला लागतात, मुरमं दुपटीनं उठतात. ट्यूब बंद केली की आग आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. त्वचेवर लावायच्या अशा बऱ्याच स्टिरॉइडना २०१८ मध्ये सरकारनं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण काउंटरवर त्या अजून सहज मिळतात. लावत असाल तर ट्यूबचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. अशा पातळ झालेल्या त्वचेवर सुया मारायच्या नसतात.

लिंबू, टूथपेस्ट, बिब्बा यांतलं काहीही चेहऱ्यावर नको. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळी पडते. आणि बिब्ब्याचं तेल तर जिथं लागेल तिथं फोड उठवतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला माहीत आहे.

दुसरं काम: खिडकीपाशी उभं राहून खड्डा ओळखा

मामेबहिणीला आरशापुढे नेलं ते यासाठी. दिवसाउजेडी खिडकीला खांदा लावून उभं राहायचं, म्हणजे उजेड गालावर आडवा पडेल. रात्री मोबाईलची टॉर्च कानाच्या बाजूनं धरली तरी चालतं. समोरून उजेड आला तर खड्डे लपतात, आडव्या उजेडात एकेकाची सावली पडते.

आता बघा. काळा किंवा लालसर डाग आहे, पण बोट फिरवलं तर पृष्ठभाग सपाट लागतो? मग तो व्रण नाही, नुसता रंग आहे. तो ऊन टाळून, सनस्क्रीननं आणि डॉक्टरांनी दिलेल्या क्रीमनं काही महिन्यांत बराच उतरतो. त्यासाठी सुया किंवा लेसर यांच्यामागे लागू नका. आमच्या बहिणीच्या गालावर ती ज्यांना "खड्डे" म्हणत होती, त्यातले निम्मे नुसते डाग निघाले.

खरे खड्डे तीन तऱ्हांचे असतात. अरुंद आणि खोल, जणू जाड सुईनं टोचलेत असे. डॉक्टर त्यांना आइसपिक म्हणतात. दुसरे रुंद, कडा सरळ उभ्या आणि तळ सपाट, कांजिण्यांचे व्रण असतात तसे. हे बॉक्सकार. तिसरे रोलिंग. यांना धड कडा नसते, गाल वरखाली लाटांसारखा दिसतो, कारण खाली तंतूंनी त्वचा आत ओढून धरलेली असते. आता दोन बोटांनी गालाची कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर सपाट झाला तर तो खड्डा उपचाराला बरा साथ देतो. ताणूनही जशाच्या तसा राहिला तर तो खोल आहे, त्याला वेगळं काम लागतं. व्रण किती गंभीर हे ठरवताना डॉक्टरही हेच पाहतात, आणि साधारण ५० सेंटिमीटरवरून, म्हणजे समोरासमोर बोलताना असतं तेवढ्या अंतरावरून तो दिसतो का, हेही पाहतात.

एक गोष्ट वेगळी सांगते. जबड्याच्या कडेला, छातीवर, खांद्यावर किंवा टोचलेल्या कानाच्या पाळीला कधी टणक, वाढत जाणारी गाठ आली आहे का? घरात कुणाला येते का? त्याला केलॉइड म्हणतात. अशा माणसाला सुया किंवा लेसरनं उलट नवी गाठ येऊ शकते. उंच व्रणाची वाटच निराळी: सिलिकॉन जेल किंवा पट्टी रोज निदान १२ तास, दोन-तीन महिने, आणि गाठीत ट्रायमसिनोलोन या औषधाचं इंजेक्शन. ते डॉक्टरांनीच द्यायचं. या लेखातलं पुढचं बरंचसं खड्ड्यांसाठी आहे, गाठींसाठी नाही.

अपघाताचा किंवा टाक्यांचा व्रण असेल तर घाई करू नका. व्रण पिकायला बारा ते अठरा महिने लागू शकतात, आणि तेवढ्यात तो आपोआपही पुष्कळ मऊ आणि फिका होतो. मात्र पहिले काही महिने तो उन्हापासून झाका.

तिसरं काम: कुणाकडे जायचं

पाटीवर "स्किन" लिहिलं म्हणजे आत त्वचारोगतज्ज्ञ बसतोच असं नाही. एमबीबीएसच्या पुढे एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी अशी त्वचारोगातली पदवी किंवा पदविका बघा. "कॉस्मेटॉलॉजी" हे नुसतं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई कायद्याखाली नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र भिंतीवर असायला हवं. डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो. तो विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

पहिल्या तपासणीला मी तरी मोठ्या रुग्णालयाच्या बाजूनं आहे. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, आणि नेहरूनगरला केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, ज्याला १९६३ साली सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. रांग असते, शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात, तेच प्रश्न दोनदा विचारतात. पण तिथं कुणी तुम्हाला पॅकेज विकायला बसलेलं नसतं. तिथून व्रणाचा प्रकार लिहून घ्या, मग हवं तर खासगीत करा. निपाणी, संकेश्वरकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं, तिकडे गेलात तरी कसोटी तीच.

भाषेचं काय, असं खेड्यातल्या बायका मला हळूच विचारतात. बेळगावातले बरेच डॉक्टर मराठी बोलतात. अडचण येते ती कागदावर. सहीसाठी पुढे येणारं संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं. कन्नडमध्ये त्याला ओप्पिगे पत्र म्हणतात. वाचता येत नसेल तर सही थांबवा आणि म्हणा, "डॉक्टर, यात काय काय होऊ शकतं ते मला मराठीत सांगा, मग सही करते." सांगितलं नाही तर उठा.

जाताना हे कागदावर लिहून न्या: चालू औषधं, साखर किंवा रक्त पातळ करायची गोळी, दिवस गेलेत का, अंगावर दूध आहे का, ओठावर पूर्वी जर, म्हणजे पाण्याचे बारीक फोड, उठला होता का. असे फोड पूर्वी आले असतील तर लेसरच्या आधी विषाणूवरची गोळी देतात, नाहीतर ते चेहराभर पसरू शकतात.

चौथं काम: कुठला खड्डा, कुठला उपाय

"त्वचेचं पुनरुज्जीवन" हा शब्द जाहिरातीत फार मोठा करून लिहितात. मुळात गोष्ट साधी आहे. त्वचेला हिशेबानं बारीक जखम करायची, म्हणजे शरीर ती भरताना नवं कोलेजन बनवतं. आधी कच्चं, तिसऱ्या प्रकारचं कोलेजन येतं, मग काही महिन्यांत त्याची जागा पक्कं, पहिल्या प्रकारचं घेतं. म्हणून आज सिटिंग केलं आणि पंधरा दिवसांत गाल भरला, असं होत नाही. खरा फरक तीन महिन्यांनी बघायचा.

मायक्रोनीडलिंग हे नवख्यांसाठी सगळ्यात सरळ. पेनसारख्या यंत्राच्या टोकाला बारीक सुया असतात, त्या गालात साधारण दीड ते अडीच मिलिमीटर जातात. महिना-सव्वा महिन्याच्या अंतरानं चार ते सहा सिटिंग. रोलिंग आणि उथळ बॉक्सकारला हे मानवतं. आपल्या सावळ्या त्वचेसाठी याची मोठी जमेची बाजू म्हणजे यात उष्णता नसते, त्यामुळे नंतर काळं पडण्याचा धोका लेसरपेक्षा कमी. ऑनलाइन मिळणारा रोलर घरी फिरवू नका. त्याच्या सुया बोथट होतात, तिरप्या जातात, कातडी फाटते, आणि एका मुरमातला पू सगळ्या गालभर पसरतो.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त. दंडातून १०-२० मिली काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्यातला प्लेटलेटनी दाट असलेला भाग काढून सुयांच्या वेळी गालावर सोडतात किंवा टोचतात. प्लेटलेट जखम भरणारे घटक सोडतात, म्हणून मायक्रोनीडलिंगला त्याची जोड दिली तर फायदा थोडा वाढतो. थोडा, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. नुसत्या पीआरपीवर खोल खड्डा भरेल या आशेनं पैसे घालू नका. मी चार सिटिंग मायक्रोनीडलिंगची केली, दोन पीआरपीसकट. सूज लवकर उतरली हे खरं. खड्ड्यांत त्याचा वेगळा वाटा किती, ते मला सांगता यायचं नाही.

आइसपिकला सुया पोचत नाहीत. तिथं टीसीए क्रॉस करतात: टोकदार काडीनं तीव्र आम्लाचा थेंब नेमका खड्ड्याच्या तळाशी. पांढरं होतं, खपली धरते, हळूहळू तळ वर येतो. हात सराईत हवा, थेंब कडेला सांडला तर खड्डा रुंदावतो. फारच खोल असेल तर तेवढी जागा गोल कापून टाका घालतात. रोलिंगला खालून ओढणारे तंतू तोडावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात: बधीर करून त्वचेखाली सुई आडवी फिरवायची. आठवडाभर गाल काळानिळा दिसतो. पण माझ्या डाव्या गालाला खरा फरक पडला तो यानंच.

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर ताकदवान आहे. १०,६०० नॅनोमीटरचा किरण त्वचेत बारीक उभी छिद्रं पाडतो, मधली कातडी तशीच ठेवतो, तिच्या जोरावर जखम भरते. पाच-सात दिवस खपल्या. सावळ्या कातडीला काळं पडण्याचा धोका इथं खरा असतो. म्हणून डॉक्टर ऊर्जा कमी ठेवतात, सिटिंग वाढवतात. "एका सिटिंगमध्ये करून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार एकत्र असतात. त्यामुळे एकाच उपायाचं पॅकेज बहुतेकांना अपुरं पडतं.

आता एक्सोसोम (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) आणि स्टेम सेल (मूळपेशी). हे दोन शब्द ऐकले की पाकीट खिशात ठेवा. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएनं आजवर एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून विकता येत नाही, फक्त मान्यता मिळालेल्या संशोधन-चाचणीत देता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेत नसतात.

पाचवं काम: सिटिंगचा दिवस

दुपारनंतरची वेळ मागा. सकाळी घरी चेहरा साध्या साबणानं धुऊन, काही न लावता निघा. पीआरपी असेल तर आदल्या आठवड्यात आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायला सांगतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

दवाखान्यात बधीर करायची क्रीम जाड थरानं लावून पाऊण तास बसवतात. क्रीम घरून लावून या, असं कुणी सांगितलं तर नाही म्हणा. जास्त जागेवर, जास्त वेळ राहिली तर ती अंगात भिनते आणि चक्कर, क्वचित झटकेही येतात. क्रीम पुसली की गाल दुसऱ्याचाच वाटतो, जड, लाकडासारखा. मग यंत्राची गुणगुण. गालाच्या मांसल भागावर नुसतं खरखरतं, कपाळावर आणि वरच्या ओठावर मात्र चांगलंच चुरचुरतं. रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब एकसारखे उठतात, नर्स थंड पाण्याच्या कापसानं टिपत राहते. वीस-पंचवीस मिनिटांत संपतं.

सुया नव्या आहेत का, हे डोळ्यांनी बघा. सीलबंद पाकीट तुमच्यापुढे फाडलं पाहिजे आणि काम झाल्यावर सुया टाकून दिल्या पाहिजेत. पीआरपीच्या नळीवर तुमचं नाव लिहिलेलं बघा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये अशाच रक्त-सुयांच्या फेशियलमधून बायकांना एचआयव्ही झाला. पहिलं प्रकरण २०१८ मध्ये उघडकीला आलं. त्या बायका काही इलाज करून घ्यायला नव्हत्या गेल्या, फेशियल करायला गेल्या होत्या.

परतीला दुचाकी नको. हेल्मेटचं अस्तर ओल्या गालाला घासतं आणि महामार्गाची धूळ सगळी तोंडावर येते. पहिला दिवस सनस्क्रीनही लावायचं नसतं, म्हणून सावलीच काय ती राखण. संध्याकाळच्या बसनं बेळगावहून खानापूरला जाताना डाव्या खिडकीला बसा, निपाणीला जाताना उजव्या. ऊन पलीकडून येतं. सुती, धुतलेली ओढणी सैल बांधा.

सहावं काम: घरी आणि शेतात

मायक्रोनीडलिंगनंतर एक ते तीन दिवस चेहरा लाल राहतो. पहिल्या दिवशी मेकअप नाही, वाफ नाही, हळदीचा लेप नाही. डॉक्टरांनी दिलेलं साधं मॉइश्चरायझर तेवढं लावा. खपली नखानं काढू नका, तिथं नवा डाग पडतो. दुसऱ्या दिवसापासून किंवा डॉक्टर सांगतील तेव्हापासून एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन लांब रेषा भरतील एवढं, दर दोन-तीन तासांनी. ताप आला, पू आला, दुखणं वाढत गेलं किंवा पाण्यानं भरलेले बारीक फोड उठले तर फोनवर विचारत बसू नका, दवाखाना गाठा.

तारखा शेताच्या हिशेबानं ठरवा. लावणीत दिवसभर वाकून, चेहऱ्यावर पाण्याची झळाळी घेत काम असतं, सुगीत ऊन आणि कुसळं असतात. त्या दिवसांत सिटिंग घेतलं तर मेहनत वाया जाते. सुगी उरकल्यावर थंडीत सुरुवात करा, उन्हाळा चढायच्या आत तीन सिटिंग होतात. एप्रिल-मेमध्ये लेसर नकोच. घरात लग्न असेल तर शेवटचं सिटिंग हळदीच्या निदान महिना-दीड महिना आधी संपवा, लेसर असेल तर त्याहूनही आधी. हळद लागते तेव्हा गालावरची जखम पूर्ण भरलेली हवी.

पैशांबद्दल एवढंच. दर सिटिंगला काही हजार रुपये जातात आणि सिटिंग बरीच लागतात, तेव्हा दर सिटिंगचा आकडा लेखी घ्या आणि एकेकाचे पैसे द्या, एकदम नको. आरोग्य विमा सौंदर्य उपचारांचा खर्च देत नाही. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतर चेहरा पूर्ववत करायचा असेल तर तो या नियमाला अपवाद आहे. तसं असेल तर डॉक्टरांकडून कारण लिहून घ्या.

आणि फोटो. पहिल्या सिटिंगच्या आदल्या दिवशी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, मेकअपशिवाय तीन फोटो काढा: समोरून, डावा गाल, उजवा गाल. आरसा रोज बघून फरक कळत नाही. शेवटच्या सिटिंगनंतर तीन महिन्यांनी तिथंच उभं राहून पुन्हा तीन काढा. गाल काचेसारखा झालेला दिसणार नाही, खड्डे उथळ झालेले आणि सावल्या फिक्या पडलेल्या दिसतील. मामेबहिणीची मुरमं आता बसली आहेत, गोळ्या चालू आहेत. तिचे पहिले तीन फोटो मी माझ्याकडे ठेवलेत, पुढच्या थंडीत सुया सुरू होतील.